दसऱ्याची फुल पँट

आमच्या घरात मुलगा मोठा झाला हे वाढदिवसावर ठरत नसे, परीक्षेच्या निकालावरही नाही. ते ठरे दसऱ्याच्या सकाळी, कात्रीनं. ओठावर मिशीची रेघ दिसायला लागली, चड्डीखालच्या केसाळ पायांकडं बघून शेजारच्या मुली तोंड फिरवून हसायला लागल्या, की आई अप्पांना म्हणे, "यंदा ह्याचं उरकून टाका हो, बघवत नाही." ऐकणाऱ्याला वाटावं, लग्नच काढलंय.

लग्न नव्हे, फुल पँट.

आम्ही म्हैसुरातले जुने शिंपी, विठोबाची माणसं. घरात मराठी बोलायचं, दुकानात कानडी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. आमचे आजोबा राजवाड्याच्या बँडवाल्यांचे कोट शिवत असं घरात सांगत. मी सांगायला लागल्यापासून ते खुद्द महाराजांचे कोट शिवतात. तर त्या आजोबांनी ही रीत घालून दिली होती. आयुधपूजेच्या दिवशी कात्र्या, टेप, इस्त्री, पायमशीन सगळं पुसूनसवरून, कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवायचं. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पूजेतली कात्री पहिल्यांदा उचलायची ती ज्याची पाळी असेल त्या पोरानं. समोर एक नवं कापड. त्यातून त्यानं आपली पहिली फुल पँट बेतायची, शिवायची, आणि दुपारी तीच घालून घरच्यांबरोबर हत्तीची मिरवणूक बघायला जायचं. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत लग्न असो, बारसं असो, देवळातली एकादशी असो, बाहेर जायला तीच पँट. आणि पोरगं बेतत असताना घरातल्या कुणीही, पोटात कळ आली तरी, एक अक्षर बोलायचं नाही.

मशीन आम्हाला सगळ्यांनाच येई. काजं करून, बटणं लावून, शाळेच्या चड्ड्या शिवून आमचे हात तयार झालेले असत. कात्री मात्र अप्पांची. मशीनवरचा माणूस चुकला तर टाका उसवता येतो. टेबलापाशी उभा असलेला चुकला तर कापड काही परत जुळत नाही. म्हणून आमच्या दुकानात मशीनं पुष्कळ आणि टेबल एकच. त्या टेबलामागं जो उभा राहील तो मास्तर. आणि अप्पांच्या मागून तिथं कोण उभं राहणार, ते पोरांच्या दसऱ्यावरून कळणार, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. बोलत कुणी नसे.

माझी पाळी आली तेव्हा बेलबॉटमचे दिवस होते. मी मनातल्या मनात इतकी रुंद पँट शिवली होती की तिच्यात धाकटा भाऊसुद्धा मावला असता. अप्पांनी कापड दिलं ते चॉकलेटी टेरिकॉट. सुलट्या बाजूला अशी चकाकी की तोंड बघावं, उलट्या बाजूला मातकट. मी ते नाकाला लावून हुंगलं. आई म्हणाली, "खाऊ नको, काप." रीतीप्रमाणं तिचं बोलणं तिथं संपलं.

आता शिंप्यानं कापड दुमडून, दोन पदर एकदम कापायचं असतं, म्हणजे एक पाय डावा आणि एक उजवा आपोआप निघतो. पण मी अप्पांचा थोरला, मला आपोआप काहीच नको होतं. शिवाय दोन पदर एकदम कापायला हाताला जोर पाहिजे, आणि माझा सगळा जोर तेव्हा केसांचा कोंबडा काढण्यात जाई. मी कापड उघडून पसरलं, खडूनं आखलं, आणि पुढचा एक भाग कापला. काय कापला! अप्पांकडं बघून कात्री हवेत दोनदा वाजवली. मग तो कापलेला भाग तसाच्या तसा उरलेल्या कापडावर ठेवला, त्याच्या कडेनं दुसरा आखला आणि कापला.

तुमच्यात कुणी शिंपी असेल तर त्यानं इथं कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. दुसरा भाग आखताना पहिला उलटा करून ठेवायचा असतो. मी ठेवला नाही. माझ्या हातात दोन डावे पाय होते.

अप्पा टेबलाच्या पलीकडं, हात पाठीमागं बांधून उभे होते. त्यांना ते मी खडू टेकवला तेव्हाच दिसलं असणार. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. एवढंच. मी कापत राहिलो, कात्री करकर वाजत राहिली, आणि दारातल्या फोडलेल्या कोहळ्यावर माश्या घोंघावत होत्या.

मागचे दोन भाग नीट निघाले, कारण उशीर व्हायला लागला म्हणून ते मी कापड दुमडून एकदमच कापले. पुढचे जोडायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मग एकच उपाय होता. एक पाय उलटवून लावायचा, मातकट बाजू बाहेर. तशी लावली. म्हणजे मागून बघाल तर मी एखादा साहेब, आणि पुढून एक पाय लग्नाला निघालेला, दुसरा शेणी थापायला.

त्या दुपारी मिरवणुकीच्या गर्दीत मी एका म्हातारीच्या उघडलेल्या छत्रीमागं लपून उभा होतो. हत्ती जवळ आला तशी म्हातारीनं छत्री मिटली. आमच्याच गल्लीतली शिंप्याची बाई शेजारी होती. तिनं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कानडीत विचारलं, "एनप्पा, एरडू एडगाला?" काय रे बाबा, दोन्ही पाय डावेच का?

लोक वळले. पळायला जागा नव्हती. तेव्हा माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. मी चकचकीत पाय पुढं करून म्हणालो, "मावशी, हा पाय नोकरीला आहे." मग मातकट पुढं केला. "आणि हा अजून शोधतोय."

काय हशा झाला! हत्तीचे लोकही वळले असतील. त्या हशात मला सापडलं की आपल्याला हे येतं. त्या एका वर्षात त्या पँटीनं मला जितकं बोलायला शिकवलं तितकं कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. कुणी हसायच्या आत मीच हसवायचो. आजही लग्नाच्या पंगतीत लोक म्हणतात, "ते दोन डावे पाय सांगा हो." मी सांगतो. दरवेळी म्हातारीची छत्री थोडी मोठी होते.

एक गोष्ट मात्र मी पंगतीत सांगत नाही. त्या हशाच्या वेळी अप्पा माझ्यापासून दोन माणसं सोडून उभे होते. सगळे हसले, ते हसले नाहीत. समोरून अंबारी चालली होती, पण ते माझ्या पायांकडं बघत होते. नंतर वर्षभर मी त्या पँटीत दुकानाच्या पायऱ्या चढायचो तेव्हा ते खाली बघून काहीतरी शोधायला लागत. बटण, खडू, काहीही. रीत त्यांच्या बापाची होती. तोंड मिटून उभं राहणं त्यांना जमलं होतं, पण त्यानंतरचं जमत नव्हतं.

धाकटा माझ्यामागं तीन वर्षांनी. माझ्या उलट. मी घरात शिरलो की भांडी वाजत. तो आलेला कळत नसे. पण हात! दहा-अकरा वर्षांचा असताना त्यानं आईच्या ब्लाउजची बाही अशी लावली होती की अप्पांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात बघितली आणि काही न बोलता परत आणून ठेवली. माझी पँट झाल्यापासून तो रोज जुन्या वर्तमानपत्रांवर बेतायचा. आमच्या घरात बातम्या कुणी वाचल्याच नाहीत, सगळ्या पँटीच्या आकारात असत.

"तुला भीती वाटत नाही काय रे, माझ्यासारखं होईल म्हणून?" मी एकदा विचारलं.

"झालं तर होईल की अण्णा."

"वर्षभर हसतील लोक."

"हसू देत. माझीच असंल की ती." मग कात्रीसारखी दोन बोटं हलवत म्हणाला, "मला टेबलापाशी उभं राहायचंय. सुम्ने मशीन चालवत बसायचं नाही."

सुम्ने म्हणजे उगाच. तो फार थोडं बोले, पण जे बोले ते करायचंच असे.

त्याच्या दसऱ्याला अप्पांनी कापड काढलं. चौकडीचं. सुलट्या बाजूला चौकडी ठसठशीत, उलट्या बाजूला पुसट. चौकडीचं कापड म्हणजे मास्तर लोकांनाही घाम. शिवणीवर रेघेला रेघ मिळाली नाही तर माणूस वाकडा दिसतो. पोरांच्या पहिल्या पँटीला असलं कापड आमच्याकडं कुणी दिलं नव्हतं. मला साधं दिलं आणि त्याला हे, ह्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला. मलाही कळला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. टेबल त्याचं, मशीन आणि गप्पा माझ्या.

त्यानं कात्रीला नमस्कार केला. कापड दुमडलं नाही. चौकडी असली की दुमडून चालत नाही, आतली रेघ दिसत नाही. त्यानं ते उघडून पसरलं, तळहातानं सारखं केलं, आखलं आणि पुढचा एक भाग कापला. कात्रीचा आवाज असा की रेशमावरून कुणी बोट फिरवावं. मग त्यानं तो कापलेला भाग उचलला आणि, सुलटी बाजू वरच, उरलेल्या कापडावर ठेवला. चौकडीवर चौकडी सरकवत राहिला. थोडं वर, थोडं खाली. खडू हातात होता.

मी अप्पांकडं बघितलं. ते कापडाकडं बघत नव्हते. माझ्या पायांकडं बघत होते. मी तेव्हा साधी सुती विजार घातली होती, तरीही.

"उलटव," अप्पा म्हणाले.

एवढा एकच शब्द. हळू म्हणाले, पण घरात कुणी श्वासही घेत नव्हतं, त्यामुळं तो कोपऱ्यातल्या मशीनलाही ऐकू गेला. आईनं तोंडावर पदर धरला. आजोबांच्या काळापासून त्या टेबलापाशी दसऱ्याला कुणी बोललं नव्हतं.

धाकट्याचा हात थांबला. त्यानं वर बघितलं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चौकडी मिळवून बघत होतो," तो म्हणाला. "उलटवणारच होतो."

"हो, हो," अप्पा म्हणाले. "काप तू. काप."

त्यानं भाग उलटवला, आखला, कापला. दुपारपर्यंत पँट तयार. आणि काय पँट! शिवणीवर रेघेला रेघ अशी मिळालेली की जोड कुठं आहे ते बोटानं चाचपावं लागे. मिरवणुकीत माझ्या त्या शिंप्याच्या मावशीनं वाकून बघितलं, म्हणाली, "अय्यो, कुणी बेतली रे ही?"

"अप्पांनी," धाकटा म्हणाला.

मी हसलो, मला वाटलं लाजतोय. पण पुढचं वर्षभर जो कुणी विचारी त्याला तो हेच सांगे. लग्नात, देवळात, शाळेत. "छान बसलीय रे पँट, कुणी बेतली?" "अप्पांनी." रागानं नाही, कुजकटपणानंही नाही, आपण आपलं गाव सांगतो तसं. त्याची खरंच तशी समजूत झाली होती. आपण उलटवणार होतो हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि ते आता कधीच बघायला मिळणार नव्हतं.

वर्तमानपत्रं घरात पुन्हा चौकोनी दिसायला लागली. तो अभ्यासाला लागला.

मी त्याला सोडलं नाही. आमचं त्यावरून एक मोठं भांडण झालं, दोन्ही भाषांत. मी म्हणालो, "माझ्या वेळी तोंडातून एक शब्द फुटला नाही त्यांच्या! मी दोन डावे पाय घालून वर्षभर गावात नाचलो. तुला फुकटात वाचवलं, तर तुझे हे नखरे."

"तुला अख्खी पँट मिळाली अण्णा," तो म्हणाला. "तुझी."

"घे की मग! पेटीत आहे अजून. एक पाय नोकरीला आहे तिचा."

तो हसला नाही. माझ्या विनोदाला न हसणारी दोनच माणसं त्या घरात होती, आणि दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांशी बोलत नव्हती.

पुढं त्याला सरकारी ऑफिसात नोकरी लागली. कुवेंपुनगरात घर झालं, स्कूटर झाली, रोज इस्त्रीचा शर्ट घालून तो फायलींवर सह्या करायला लागला. अप्पांनी त्याला "दुकानात ये" असं कधी म्हटलं नाही. एकदा बोलून बसले होते, दुसऱ्यांदा बोलायचं धाडस कुठून आणतील? पण दर दसऱ्याला तो नमस्काराला येई तेव्हा अप्पांचा चष्मा हरवे. पूजेतली कात्री टेबलावर, शेजारी एखादं कापड आखून ठेवलेलं, आणि अप्पा चष्मा शोधायला आत. बराच वेळ आतच. चष्मा त्यांच्या खिशात असे, मला दिसे. धाकटा टेबलापाशी उभा राही, आखलेल्या खडूकडं बघे, हात खिशात घाली आणि म्हणे, "अण्णा, चहा सांग की." मग अप्पा बाहेर येऊन म्हणत, "सापडला एकदाचा." कात्री मी उचलायचो.

अशा रीतीनं टेबल माझ्याकडं आलं. गावातला एक बरा मास्तर म्हणून लोक मला ओळखतात. मी वाईट बेतत नाही. पण चौकडीचं कापड आलं की अजूनही गिऱ्हाइकाला म्हणतो, "साहेब, तुम्हाला साधं शोभतं." आमच्या घरातला खरा मास्तर फायलीवर सही करतो, आणि गावातल्या निम्म्या माणसांच्या रेघा शिवणीवर चुकलेल्या आहेत.

अप्पा अगदी थकले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून ते जुन्या बटणांचा डबा निवडत असत, काळी वेगळी, पांढरी वेगळी, आणि संध्याकाळी मी ती परत मिसळून ठेवी, म्हणजे उद्याचं काम होई. त्या दुपारी त्यांनी निवडता निवडता म्हटलं, "मी उलटं केलं रे."

"काय अप्पा? बटणं?"

"तुझ्या दसऱ्याला बोलायला पाहिजे होतं. त्याच्या दसऱ्याला गप्प बसायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, "त्याला सांगा की मग. रविवारी येतोय तो."

"हां, सांगतो," अप्पा म्हणाले.

रविवारी धाकटा आला. अप्पांनी त्याला विचारलं, ऑफिस कसं आहे, स्कूटर किती पळते, पोराला दात आले काय. मी आतून सारखे डोळे मिचकावत होतो. अप्पांनी बटणांचा डबा त्याच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "काळी तू निवड, मी पांढरी निवडतो." दोघं संध्याकाळपर्यंत निवडत बसले. त्याच वर्षी अप्पा गेले.

धाकट्याला ते मीच सांगितलं. येलवालला एका लग्नाला चाललो होतो, तो स्कूटर चालवत होता, मी मागं. तोंडासमोर बसून मला जमलं नसतं. त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, अप्पांचा आवाज काढून, बटणांसकट. तो पुढं बघून चालवत राहिला. एक लॉरी गेली. मग मान जराशी वळवून म्हणाला, "उलटवणारच होतो अण्णा मी."

"माहीत आहे मला."

"तुला कसं माहीत असेल?"

खरंच, मला कसं माहीत असणार?

आमची रीत अशीच संपायची. आजकालची पोरं पाळण्यातच फुल पँट घालतात. त्यांना मोठं करायला शिंपी लागत नाही. माझी मुलगी बंगळूरला कॉम्प्युटरवर काम करते, तिला बटण लावता येत नाही आणि ते ती कौतुकानं सांगते. पण धाकट्याच्या पोरानं, माझ्या पुतण्यानं, माझी दोन डाव्या पायांची गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की त्याला ती पाठ होती. तो मला काका म्हणत नाही, कानडी पद्धतीनं दोड्डप्पा म्हणतो, थोरला बाप. दहावीच्या वर्षी, मिशीची रेघ फुटलेली, आवाज मध्येच घसरणारा, असा तो एकदा जेवताना म्हणाला, "दोड्डप्पा, माझा दसरा कधी?"

धाकट्याचा घास हातात राहिला. "बेड," तो म्हणाला. नको. "कशाला पाहिजे ते आता? अभ्यास कर."

मी पोराला डोळ्यानं गप्प केलं. पण दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात धाकटा ऑफिसातून परस्पर दुकानात आला. काखेत कागदात गुंडाळलेलं कापड. टेबलावर ठेवून म्हणाला, "हे पाण्यातून काढून, इस्त्री करून ठेव." मी कागद सोडला. चौकडीचं.

"अरे, साधं आण की," मी म्हणालो. "पोरगं पहिल्यांदा कात्री धरतंय."

"हेच."

दसऱ्याच्या सकाळी पोरगं टेबलामागं उभं राहिलं. त्याला मी महिनाभर शाळेनंतर बेतायला शिकवलं होतं, साध्या कापडावर, दुमडून. चौकडीचं मुद्दाम शिकवलं नव्हतं, रीतच तशी. त्यानं कापड दुमडून बघितलं, आतल्या रेघेत डोकावलं, नाक उडवलं आणि परत उघडून पसरलं. त्यानं पहिला भाग आखला, कापला. कात्री त्याच्या बापासारखी चालत नव्हती, पण माझ्यापेक्षा बरी चालत होती. मग कापलेला भाग उचलून, सुलटी बाजू वर, उरलेल्या कापडावर ठेवला.

धाकटा टेबलाच्या पलीकडं होता, अप्पा उभे राहत त्या जागी. त्यानं पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली. आणि तो वळून दुकानाच्या पायऱ्या उतरला, समोरच्या चहावाल्याच्या बाकड्यापर्यंत गेला, आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

राहिलो मी. ज्याला सगळं आयुष्य वाटत आलं की कुणीतरी एक शब्द बोलायला हवा होता, तो मी. शब्द माझ्या दाताशी आला होता. गळ्यात टेप होता, त्याचं टोक मी तोंडात कोंबलं आणि चावत उभा राहिलो. पोरगं भाग सरकवत होतं. थोडं वर, थोडं खाली. खडू उचलला. खडू टेकवला. एक छोटी रेघ ओढली.

मग ते थांबलं. ओठ बाहेर काढून बघितलं. दोन बोटांनी तो भाग उचलला, उलटवला, रेघेवर परत बसवला, आणि कडेनं आखून कापायला लागलं.

मी दारात जाऊन टाळी वाजवली. धाकटा पळत आला. टेबलावर दोन भाग शेजारी शेजारी, एक डावा, एक उजवा.

"तू बोललास काय?" त्यानं मला विचारलं.

"नाही."

"अण्णा, खरं सांग. गोष्टी सांगायच्या नाहीत आता."

आयुष्यभर छत्र्या मोठ्या करत आलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवेल? मी म्हणालो, "विठोबाची शपथ."

"विठोबाची तू रोज घेतोस."

"कुणीच बोललं नाही अप्पा," पोरगं म्हणालं. ते बापाला अप्पाच म्हणतं. "दोड्डप्पा तर टेप खात होता."

धाकट्यानं टेपाचं ओलं टोक बघितलं. मग टेबलावर वाकून त्या छोट्या खडूच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही काय?"

"खूण केली. आधी चौकडी मिळवून बघितली, मग उलटवलं." पोराला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. "तसंच करतात ना?"

"तसंच करतात," धाकटा म्हणाला. आणि पुन्हा, स्वतःशी, "मिळवून बघतात. मग उलटवतात."

कात्री टेबलावर होती, आमच्या अप्पांची, कुंकू अजून तसंच. त्यानं ती उचलली. इतक्या दसऱ्यांनंतर. पोराचे मागचे भाग अजून कापायचे होते, पण तो पोराचं कापड कापायला गेला नाही. पोराच्या कापडाची कोपऱ्यात पडलेली एक चिंधी ओढून घेतली. अंगठा कडीत घातला. तो पहिल्या पेरापर्यंत गेला आणि तिथं बसला. ऑफिसच्या खुर्चीत तो सगळीकडूनच भरला होता. त्यानं जोर लावला. कात्री उघडेना, अंगठा निघेना.

"फुगलास," मी म्हणालो.

आता तो हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि मला वाटतं त्यातलं थोडंच हसण्याचं होतं. शेवटी मशीनच्या तेलाची डबी आणून मी त्याच्या अंगठ्यावर थेंब सोडले, आणि कात्री हळूहळू फिरवून काढली. त्यानं त्याच चौकडीच्या चिंधीला अंगठा पुसला. चिंधी टाकायला हात पुढं केला, मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

"अप्पा, लवकर," पोरगं म्हणालं. "माझी कात्री द्या. हत्ती जाईल."